आबा असताना काढलेली मिशी

माघातल्या एका शुक्रवारी सकाळी, रनाळ्यातल्या घरी, मी माझी मिशी काढली. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा नंदुरबारला होते आणि जिवंत होते.

आमच्याकडे मुलगा मिशी एकदाच उतरवतो. बाप गेल्यावर, डोक्याच्या केसांबरोबर. शहरात स्थायिक झालेली मुलं हे पाळत नाहीत. मी पाळत होतो, कारण मी गावातच राहतो. रोज मोटारसायकलने नंदुरबारला जातो, तिथे एका दैनिकाच्या कार्यालयात जिल्ह्याच्या बातम्या लिहितो आणि रात्री परत येतो.

दिवाळीनंतर आबा अंगणात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नंदुरबारला झाली. काही दिवस दवाखान्याजवळ ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितल्यामुळे त्यांना माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी नेलं. जखम भरली. वॉकर धरून ते गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागले. डॉक्टरांनी घरी न्यायला परवानगी दिली. आबा आले नाहीत.

ते मुलीच्या घरी कधी मुक्काम करत नसत. भाचीच्या बारशालाही संध्याकाळच्या गाडीने परतले होते. त्यामुळे गावात विचारणा सुरू झाली. सकाळी स्टँडवर चहाला थांबलो की कोणी ना कोणी म्हणे, "आबा पाव्हनाकडेच ऱ्हातीन का आते?" आमच्याकडे जावयाला पाव्हना म्हणतात. एकाने तर सगळ्यांसमोर विचारलं, "का रे भाऊ, तुन्हा घरनी भाकर त्यास्ना दातले लागस का?" सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशी कार्यालयात मी एका साध्या बातमीचा मथळा दोनदा चुकवला.

आबांना मी स्वतः विचारलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं.

"रनाळ्याले मन्ही दाढी कोन करी?"

हे खरं कारण होतं की सबब, हे मला आजही सांगता येणार नाही. मात्र जे पाहिलं ते सांगता येतं.

आबांनी आयुष्यभर दाढी वस्तऱ्याने करवून घेतली. अख्ख्या पात्याचा, मुठीत मिटणारा, चामड्याच्या पट्ट्यावर धार धरणारा वस्तरा. गावातला जुना न्हावी मुलाकडे सुरतेला गेला. नंतर आलेल्यांकडे अर्धं ब्लेड अडकवायचे वस्तरे होते. आबा त्यांच्याकडून करून घेत, पण घरी आल्यावर गालावरून हात फिरवून म्हणत, "खरडी टाकं." त्यांच्या स्वतःच्या हाताला कंप आहे.

बहिणीचा नवरा सरकारी खात्यात अभियंता आहे. माझ्यापेक्षा लहान, उंच, मनमोकळा. मोबाईलवर पाहून पाहून तो वस्तऱ्याने दाढी करायला शिकला होता, हौस म्हणून. त्याने वस्तरा, पट्टा, ब्रश, साबणाची वाटी असं सगळं मागवून एका लाकडी पेटीत लावून ठेवलं होतं. आबा त्याच्याकडे गेल्यावर पहिल्याच रविवारी त्याने विचारलं, "करू का तुमची?" आणि आबांनी मान वर केली.

सासऱ्याची दाढी करणारा जावई आमच्या नात्यात कोणी पाहिला नव्हता. जावयाचे पाय धुतात. तो कोणाची सेवा करत नाही. ही गोष्ट आठवड्याभरात रनाळ्यात, तिथून दोंडाईच्यापर्यंत पोचली. आत्या मला फोनवर म्हणाली, "तुले सांगू का, असा पाव्हना नशिबातच ऱ्हावाले पाहिजे." मी म्हटलं, हो.

मी रविवारी आबांना भेटायला जात असे, आणि तो नेमका दाढीचा वार होता. गॅलरीत खुर्ची. खिडकीच्या गजाला अडकवलेला पट्टा. गरम पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल आबांच्या चेहऱ्यावर. तो टॉवेल काढून मेहुणे ब्रशने साबण लावत, गोल गोल, घाई न करता. मग पट्ट्यावर वस्तरा, आधी पात्याची पाठ पुढे, धार मागे. परत येताना पातं पाठीवर उलटायचं. डाव्या हाताने कातडी ताणायची. वस्तरा गालावर जवळजवळ आडवा. दाबायचा नाही. आवाज येई, सुका हरभरा सोलल्यासारखा. आणि आबांचे डोळे मिटत. तोंड किंचित उघडं पडे. ते झोपत.

घरात, खळ्यात, बैठकीत, आबांना कोणासमोर झोप लागलेली मी पाहिली नव्हती. दुपारी आम्ही मुलं समोरून गेलो तरी ते उठून बसत.

एका रविवारी मी उशिरा पोचलो. जिन्यातच आबांचा आवाज आला. ते हनुवटीवरच्या व्रणाबद्दल सांगत होते. त्या व्रणाबद्दल मी लहानपणी विचारलं होतं, तेव्हा बैलाचं शिंग लागलं असं सांगितलं होतं, आणि मी ते शाळेत अभिमानाने सांगत असे. मेहुण्यांना ते सांगत होते की दोंडाईच्याला मुलगी पाहायला जायचं होतं, न्हावी आला नाही, म्हणून न्हाव्याने धार लावून ठेवलेला वस्तरा त्यांनी स्वतः चालवला आणि हनुवटी कापली. मुलीकडच्यांनी रक्ताचा रुमाल पाहिला आणि नकार दिला. "नही ते आज तुम्ही मन्हा जवाई नही ऱ्हातात," आबा म्हणाले आणि दोघं हसले. मी दाराशी बूट काढत होतो. ते काढायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

मत्सर हा शब्द मी बातमीत कधी वापरत नाही, कारण तो सिद्ध करता येत नाही. इथे तो वापरायला हरकत नाही.

त्या दिवशी खाली सोडायला आलेले मेहुणे म्हणाले, "दादा, शिकवू का तुम्हाला? अवघड नाही." मी म्हटलं, गरज नाही. त्याच रात्री मी वस्तरा मागवला. त्यांच्यापेक्षा रुंद पात्याचा.

शिकताना पहिले काही दिवस फुग्यावर सराव करावा, असं पाहिलेल्या प्रत्येक व्हिडिओत सांगितलं होतं. फुगवलेल्या फुग्याला साबण लावायचा आणि तो न फुटता साबण काढायचा. मी मोरीत बसून करत असे. फुटल्यावर बायको स्वयंपाकघरातून विचारी, "व्हयनी का त्यानी दाढी?" पुढे तिने विचारणं सोडलं, कारण फुगे फुटायचे थांबले. मग स्वतःचा गाल. पहिल्या महिन्यात फक्त गाल करावेत, हनुवटी आणि ओठ नंतर, हाही सगळ्यांचा एकच सल्ला. मी तो पाळला. कानाच्या पाळीपासून खाली, केसांच्या दिशेने, लहान लहान फटके. कापलं तर तुरटी. सुरुवातीला कापलं. कार्यालयात लोक विचारत, मी मांजर सांगत असे.

माघात मेहुण्यांना एका लग्नासाठी सुरतेला जायचं होतं. शनिवारी जाऊन रविवारी परत. मी फोनवर आबांना सांगितलं, या रविवारी मी करतो.

"तू?"

"हो. शिकलो."

मग आबा म्हणाले, "करी दख. चांगली व्हयनी ते येसू मी घर."

चांगली झाली तर घरी येईन, हे त्यांनी स्पष्ट म्हटलं. त्यामुळे तो रविवार माझ्यासाठी काय होता, यात शंकेला जागा नाही.

शुक्रवारी सकाळी सराव करताना गाल चांगले झाले. मेहुणे आबांच्या मिशीची खालची रेघ पात्याच्या टोकाने सरळ करत. माझा महिना भरला नव्हता, तरी ते मला यायला हवं होतं. आरशात उजवं डावं उलटं दिसतं, आणि मी हात उलट दिशेला वळवला. उजवीकडचं टोक गेलं. बरोबरी करायला डावीकडचं काढलं. ते जास्त गेलं. मग उजवीकडचं पुन्हा. शेवटी नाकाखाली माशीएवढं काहीतरी उरलं, तेही काढलं.

बायकोने पाहिलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

"हाई काय करं तुम्ही? मामंजी जित्ता शेतस!"

"चुकून झालं."

"रविवारले जाऊ नका. आंग दुखी ऱ्हायनं म्हनी सांगा."

पुढच्या रविवारी मेहुणे असणार होते. मी जाणार होतो.

त्या दिवसांत तोंड झाकणं अवघड नसतं. नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात, वारा सुटला की मैलभर खकाणा येतो आणि रस्त्यावरचा प्रत्येक जण तोंडाला रुमाल बांधतो. शुक्रवारी आणि शनिवारी मी कार्यालयातही रुमाल काढला नाही, सर्दी सांगितली. डोक्याला थंडीची कानटोपी होती.

रविवारी सकाळी वस्तरा, पट्टा, वाटी पिशवीत घालून निघालो आणि सवयीने स्टँडवर चहाला थांबलो. ओट्यावर चार-पाच जण कापसाच्या शेवटच्या वेचणीबद्दल बोलत होते. चहा हातात आला, रुमाल खाली ओढला, एक घोट घेतला. बोलणं थांबलं. मला ते चहावाल्याच्या रेडिओमुळे वाटलं. एक म्हातारे गृहस्थ उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चालस तेच शे भाऊ, धीर धर." आबांच्या खुब्याबद्दल म्हणत असतील, असं समजून मी मान हलवली. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत.

रुमाल परत बांधताना बोट वरच्या ओठाला लागलं, तेव्हा मला कळलं. त्यांना मिशी दिसली नव्हती, आणि कानटोपीखालचे केसही.

बातमीदारीत एक नियम पहिल्या आठवड्यात शिकवतात. निधनाची बातमी घरच्या माणसाकडून किंवा डॉक्टरांकडून खात्री झाल्याशिवाय घ्यायची नाही. इथे घरचा माणूस मीच होतो. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मी काही सांगितलं नव्हतं. परत वळून ओट्यावर खुलासा करता आला असता. तो करायला अर्धा तास, चहा आणि हसू लागलं असतं, आणि आबा दहा वाजता खुर्चीत बसतात. मी किक मारली.

बहिणीने दार उघडलं. तिला मी रुमाल खाली करून दाखवला. तिने तोंडावर हात ठेवला.

"दादा!"

"आबांना सांगू नको. सर्दी आहे म्हण."

"आबांच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, अक्कल शाबूत आहे," ती म्हणाली आणि पाणी तापवायला गेली.

आबा खुर्चीत होते. माझ्या रुमालाकडे पाहून म्हणाले, "दाढी करस का ऑपरेशन?" मी सर्दी सांगितली. त्यांनी मान वर केली.

टॉवेल, साबण, पट्टा. मी डाव्या बाजूने सुरुवात केली. त्यांची कातडी माझ्यापेक्षा पातळ होती, ताणली की अंगठ्याखाली सरकत होती. पहिला फटका कानापासून गालाच्या मध्यापर्यंत. मी थांबलो. रक्त नव्हतं. दुसरा. तिसरा जबड्याच्या हाडावरून, तिथे वस्तरा थोडा उभा करावा लागतो. आवाज तोच होता. आबांचे डोळे उघडे होते. ते गॅलरीच्या गजांकडे पाहत होते, आणि त्यांच्या गळ्याची शीर उडत होती. डावा गाल स्वच्छ झाला. मी पातं टॉवेलला पुसलं आणि उजवीकडे आलो.

तेवढ्यात खाली दोन पिकअप थांबल्या.

अशा वेळी आमच्याकडे फोन करून विचारत नाहीत. ज्याला कळलं तो दुसऱ्याला सांगतो आणि निघतात. बायका आधी वर आल्या, डोक्यावर पदर घेऊन. दार बहिणीने उघडलं. थोरल्या काकूंनी तिला मिठी मारली आणि रडायला सुरुवात केली. गावाकडे कोणीतरी गेलं असं समजून बहीणही रडू लागली. ती "कोन गयं, कोन गयं" विचारत होती, आणि तिला दुःखाने भ्रम झाला असं वाटून बायका आणखी जोरात रडत होत्या.

माझे काका, आबांचे धाकटे भाऊ, बायकांना ओलांडून आत आले. हातात उपरण्याची घडी होती. ते गॅलरीच्या दारात थांबले. खुर्चीत आबा. डावा गाल केलेला, उजव्यावर साबण.

"कोन गयं रे?" आबांनी विचारलं.

"तू," काका म्हणाले.

"मले ते कोनी सांगं नही."

काका दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. मग त्यांना राग आला. "तुन्हा पोऱ्यानी मिशी काढेल शे! अख्खा स्टँडनी दखी! आम्ही मजूर सोडीसन उनूत!"

आबांनी मान माझ्याकडे वळवली.

"रुमाल काढ."

मी काढला. आबांनी डोळे बारीक करून पाहिलं. वस्तरा माझ्या हातात उघडाच होता. तो मी मिटला.

"कशानी काढी?"

"शिकताना गेली. याच वस्तऱ्याने."

"मन्हासाठे शिकना?"

मी हो म्हटलं.

आबा हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने उजव्या गालावरचा साबण स्वतः पुसला, कंप असलेल्या हाताने, वेडावाकडा.

"आते बाकीनी नको," ते म्हणाले. "तुन्हं तोंड दखं का मले मन्हं तेरावं दिसस."

बहिणीने सगळ्यांसाठी चहा केला. बायका कप हातात घेऊन बसल्या. दुःखाच्या घरी आलो आणि चहा कसा प्यायचा, हे त्यांना ठरवता येईना. काकूंनी आबांच्या पायाला दोनदा हात लावून पाहिला. आबांनी पाय आखडून घेतला, "गरम शे, गरम शे." तेव्हा पहिल्यांदा हसू फुटलं. काकांचा फोन सारखा वाजत होता. तिकडे पारावर लोक जमले होते, कोणीतरी लाकडांचं विचारत होतं. काका प्रत्येकाला सांगत, "जित्ता शे, जित्ता." पलीकडच्यांना ते समजुतीचं बोलणं वाटत होतं. एकाने काकांना, देवाची इच्छा, असं उत्तर दिलं.

शेवटी आबांनी फोन मागून घेतला. "मी बोली ऱ्हायनू," ते म्हणाले. पलीकडून फोन बंद झाला.

"हाई लोक मन्हा दहावा करी टाकतीन," आबा काकांना म्हणाले. "गावले मन्हं तोंड दखाडनं पडी. चल, गाडी काढ."

"आशीच? अर्धी दाढीवर?"

"मयताले उनात ना तुम्ही? मंग रिकामी गाडी कशी लई जाशात?"

बहिणीने त्यांचे कपडे आणि औषधं भरली. तिने मेहुण्यांना फोन केला, तेव्हा ते गाडीत होते, सुरतेहून परत. काकांनी आणि मी आबांना जिन्यावरून उतरवलं. वॉकर बायकांच्या पिकअपमध्ये ठेवला. आबा पुढच्या पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले, डावी बाजू खिडकीकडे. मी मोटारसायकलवर मागे होतो. रुमाल बांधला नाही. पथाऱ्यांजवळ ओठाला मिरची झोंबली.

रनाळ्यात पाराशी गाडी थांबवून आबांनी काच खाली केली आणि जमलेल्यांना दिसेल असं तोंड बाहेर काढलं. कोणीतरी ओरडलं, "आबा, यमनी अर्धी करीसन सोडी दिधं का?" आबा म्हणाले, "पोऱ्यानी." लोक हसले. मी गाडीच्या मागेच होतो. त्यांनी तो शब्द कोणत्या सुरात म्हटला, हे इंजिन चालू असल्यामुळे मला नीट ऐकू आलं नाही.

घरी त्यांना ओसरीवर बसवलं. बायकोने पाया पडून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. दुपारभर माणसं येत होती. आबा प्रत्येकाला डावीकडे, केलेल्या गालाच्या बाजूला बसवत. आरसा त्यांनी एकदाही मागितला नाही. माझ्याकडे पाहायचं त्यांनी टाळलं.

ऊन ओसरीच्या पायरीवर आलं तेव्हा मेहुणे आले. स्टेशनवरून घरी न जाता, लग्नातल्या कपड्यांतच. आबा त्यांना पाहून सरळ बसले.

"दिवा लागाना पहिले करी टाका पाव्हना," ते म्हणाले. दिवेलागणीनंतर आमच्याकडे दाढी करत नाहीत.

मेहुण्यांची पेटी नंदुरबारला होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून माझा वस्तरा आणि पट्टा काढून दिला. पट्टा ओसरीच्या खांबाच्या खिळ्याला अडकला. त्यांनी वस्तरा उघडून पातं उजेडात धरलं.

"दादा, पातं माझ्यापेक्षा चांगलं आहे." मग माझ्या ओठाकडे पाहून, "आणि मिशीला पहिल्या महिन्यात हात लावायचा नसतो."

"माहीत आहे," मी म्हटलं.

त्यांनी गरम पाणी मागितलं. मी आणून दिलं. वाटी मी धरली. त्यांनी उजवा गाल केला, मग हनुवटी, व्रणाच्या भोवतीने, मग गळा. शेवटी त्यांनी बोटांची पाठ आबांच्या डाव्या गालावरून खालून वर फिरवली. एकदा, पुन्हा एकदा. वस्तरा पाण्यात बुडवून पुसला आणि मिटून माझ्या हातात दिला. डाव्या गालाला त्यांनी तो लावला नाही.